चोरीस गेलेला प्रोग्राम जागेवरच असल्याबाबत

नाव: शर्मिला काशीराम खांबे. वय ३१ वर्षे. धंदा: ग्रामपंचायत खैरशेत येथे संगणक चालक. राहणार बौद्धवाडी, खैरशेत, ता. पोलादपूर, जि. रायगड. वडील काशीराम, मयत. (त्यांचा मृत्यूचा दाखला सोबत आणला आहे. मागितलेला नव्हता.)

मी आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, आमचे उपसरपंच भिकाजी उतेकर यांनी ग्रामपंचायतीचा दाखल्यांचा प्रोग्राम शेजारच्या दाभेकोंड ग्रामपंचायतीने चोरून नेला, अशी तक्रार दिली आहे. ती मला वाचून दाखवली. त्यात गेलेला माल 'प्रोग्राम, एक नग' असा लिहिला आहे. हा नग आमच्या कार्यालयात जागेवर आहे. कालच मी त्यावरून दाखला काढला. तोच नग दाभेकोंडलाही आहे. हवालदारसाहेबांनी "मग गेलं काय?" असे विचारले. मलाही तेच विचारायचे आहे.

प्रोग्राम कोठून आला असे विचारल्यावरून सांगते की, पूर्वी आमच्याकडे एका खाजगी कंपनीचा प्रोग्राम होता. गावातले जन्म, मृत्यू, घरे सगळे त्यात भरलेले. एके दिवशी पडद्यावर 'मुदत संपली आहे' असे आले आणि गाव आत राहिले. फोन केला तर कंपनीची बाई गोड आवाजात म्हणाली, "तुमचा डेटा आमच्याकडे सुरक्षित आहे." त्याच काळात माझे वडील वारले. नोंद करता येईना, दाखला निघेना. जुन्या छापील यादीवरून ग्रामसभेच्या नोटिसा काढल्या, त्यात वडिलांच्या नावाची नोटीस मीच काढली. आईने ती त्यांच्या फोटोपुढे ठेवली. 

त्यानंतर मी आणि शाळेतले सुधीर गुरुजी यांनी नवीन प्रोग्राम केला. त्याचा पाया दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. कोणीही घ्यावा, आत डोकावावे, सुधारावा आणि सुधारलेला पुन्हा उघडाच ठेवावा, एवढीच अट. घरोघर फिरून आम्ही नोंदी पुन्हा घेतल्या. पहिली नोंद मी वडिलांच्या मृत्यूची केली. कार्यालयात बसून रडले, हे लिहायचे नसेल तर लिहू नये.

दाभेकोंडला प्रोग्राम कोणी दिला असे विचारल्यावरून सांगते की, मी दिला. तेथील संगणक चालक अनिल मोरे मागायला आले. त्यांनी अटी विचारल्या. इंग्रजी अटी त्यांना वाचून दाखवल्या असत्या तर ते चहा न घेताच गेले असते. म्हणून मी म्हटले, "गावकीच्या जेवणाच्या टोपासारखं समजा. लग्नाला न्यायचा, पोचा आला तर ठोकून आणायचा, आणि वरचं नाव खोडायचं नाय." नाव म्हणजे तळाशी प्रोग्राम करणाऱ्यांची जी एक ओळ आहे ती, हे मी फोडून सांगायला हवे होते. अनिलनी कुठलेच नाव खोडले नाही. त्यामुळे दाभेकोंडच्या प्रत्येक दाखल्यावर 'ग्रामपंचायत खैरशेत' असे येऊ लागले. त्यावर सही तेथील सरपंचांचीच होती. त्यांनाही काही वावगे वाटले नाही. दुसऱ्याच्या टोपात भात शिजवला म्हणून टोप आपला होत नाही, असे त्यांचे म्हणणे.

पुढे अनिलनी प्रोग्राम परत आणून दिला. लांब आडनाव तुटायचे, ते त्यांनी दुरुस्त केले होते. काम खरोखर चांगले आहे. पण भांडे रिकामे परत देऊ नये ही आपली रीत. म्हणून त्यांनी आत सगळे दाभेकोंड घालून पाठवले. मी ते न बघता चढवले. तेव्हापासून आमच्या गावची वस्ती दुप्पट झाली आहे.

याची वाच्यता जानकीबाई सकपाळ, राहणार दाभेकोंड, यांच्यामुळे झाली. त्यांनी दाखला नीट वाचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या बकऱ्या आमच्या गुरचरणात घातल्या. भिकाजींनी अडवल्यावर त्या म्हणाल्या, "मी खैरशेतची हाय. कागद बघ रे." भिकाजी तणतणत कार्यालयात आले व मला यादी बघायला सांगितली. यादीत जानकीबाई होत्या. भिकाजी म्हणाले, "ही चोरी हाय. आख्खं गाव घुसवलंय." गाव आपल्यात आले तर चोरी कोणाची झाली, असे मी विचारले. त्यांनी थेट ठाणे गाठले. यादी दुरुस्त करणे हे माझे अर्ध्या दिवसाचे काम आहे. पण चौकशी होईस्तोवर त्याला हात लावू नये असा हुकूम आहे, म्हणून बकऱ्या अजून गुरचरणात आहेत.

दोन्ही गावचे संगणक मुद्देमाल म्हणून जप्त करावे लागतील, असे हवालदारसाहेबांनी सांगितले. त्यावर माझे म्हणणे असे की, करू नयेत. माल पाहिजे तर मी पाहिजे तितक्या प्रती देते. संगणक नेलात तर कंपनीने लावलेले कुलूप तुम्ही लावल्यासारखे होईल. गावात माणूस मेला तरी मेला म्हणता येणार नाही. हे मी एकदा भोगले आहे, पुन्हा कोणाच्या घरी होऊ देणार नाही.

हा जबाब टंकित करायला घेतला असता ठाण्याच्या संगणकावर 'मुदत संपली आहे' असे आले. तो पडदा मी ओळखला. हवालदारसाहेबांनी दोन-तीन बटणे दाबून पाहिली. मग म्हणाले, "तुमच्यात पत्र टाइप होतं का गो?" मी पर्समधला प्रोग्रामचा पेनड्राइव्ह दिला. सध्या जबाब त्याच प्रोग्रामवर चालू आहे. मुद्देमाल आता ठाण्यातही निघाल्याने ठाण्याचा संगणक जप्त करावा का, असे मी विचारले. जप्तीचा विचार तूर्त नाही असे त्यांनी सांगितले व तसे येथे लिहिण्यास हरकत घेतली नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. एवढीच विनंती की, प्रोग्राम परत करताना ठाण्याने तो रिकामाच द्यावा. रीत पाळायला जाऊन आरोपींची यादी आत घालू नये, नाहीतर भिकाजी पुन्हा येतील.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. वर ठाण्याच्या नावाच्या जागी 'ग्रामपंचायत खैरशेत' आले आहे, ते राहू दिले आहे. वडिलांच्या नावापुढे 'मयत' लिहिले आहे, ते मी स्वतः दोनदा वाचले. बरोबर आहे. सही केली.