आज्याले जहाजात बसवलं

आता कायले सांगाले लावता राजेहो? चहा प्या अन् घरी जा ना! सांगून सांगून तोंड वाळलं माहं... बरं आयका, पन मधात हासाचं नाई. माह्या धाकट्या भावाची पोरगी शीला, उमरखेडले कॉलेजात शिकवते, तिनं पुस्तक लिवलं. पयलंच. गेल्या साली मोबाइल समोर धरून म्हने, "काका, देवसिंगबाबाची गोष्ट सांगा ना." देवसिंग म्हंजे माहा आजा. गोरापान, डोळे घारे, माह्यासारखेच. इंग्रजाच्या राज्यात आमच्या तांड्याले चोर ठरोलतं, रोज संध्याकाळी ठाण्यावर हजेरी! तं एक दिवस आज्यानं कोन्या साहेबाची पडेल टोपी डोक्यावर घातली अन् ठाण्यासमोरून छाती काढून गेला. शिपायानं ठोकला ना सलाम! बस, एवढीच गोष्ट. त्या टोपीत मंग त्याच्या मायनं कोंबडी बसवली अंड्यावर.

अन् शीलानं पुस्तकात? टोपी काढूच देली नाई ना बाप्पा! डेव्हिड नाव ठेवलं, बंगला देला, मडम देली, अन् शेवटी जहाजात बसवून धाडलं इलायतले! म्हटलं, बाई, हे काय? तं म्हने, "काका, कादंबरी आहे हो ती!"

कादंबरी तुले, मले तं आजा हाय ना! आता पुरं फुलसावंगी गाव मले "गुड मॉर्निंग साहेब" करते. दिवाळीले आमी निखाऱ्यावर तूप-गूळ टाकून पुरख्याचं नाव घेतो. मी म्हटलं, "देवसिंगबाबा, घे," तं मांगून आमच्या तांड्याचा मुखिया, नायक फुलसिंग म्हने, "काका, धूर इलायतपर्यंत जाईन का?" समदा तांडा हासला! निखाऱ्यासमोर! तूप हातातच राह्यलं माह्या... जो मानूस ह्याच तांड्यात जगला, ह्याच मातीत गेला, त्याले घरच्याच पोरीनं बाहेर काढलं? शीला तिथंच उभी. म्हटलं, पोरी, माफी माग. माही नाई, त्याची. "काका, कादंबरी आहे हो..." हो हो, कादंबरी!

म्हटलं, आजीसंग लगन व्हाच्या आधीच आज्याले जहाजात बसवलं तुनं, मंग माहा बाप कुठून आला? तुहा बाप? पुस्तक कोनं लिवलं मंग? वाटलं, आता मांगते माफी... तं म्हने, "काका, हे छान आहे, पुढच्या कादंबरीत घेते." घ्या!

तूप थिजलं. टाकलं मंग तसंच. नावं दोन्ही घेतली, देवसिंग अन् डेव्हिड... म्हटलं, तिकडं गेलाच असशीन तं उपाशी नोको राहू. माफी बाकीच हाय अजून. पन मांगन कोन? पुस्तकाच्या हिशोबानं तं ते जल्मलीच नाई... शीला!