फळ्यावर दिसणारं मिठागर

सरपंच, शाळेच्या मोठ्या बाई, गुरुजींच्या घरच्या सुमनवहिनी, आणि कामधंदा टाकून इथं जमलेल्या माझ्या लेकरांनो,

माझं नाव पुकारलं तेव्हा वाटलं, कुणीतरी हात धरून मला परत खाली बसवावं. गुरुजींविषयी बोलायचं, तेही त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच फळ्यापुढं उभं राहून. मी शाळेत गेलेली बाई नाही. लेकीच्या पाट्या पुसता पुसता अक्षरं ओळखायला लागले, तेवढंच माझं शिक्षण. काही वावगं बोलले तर हिराकाकीचं म्हातारपण समजून पोटात घाला.

दळवी गुरुजी कसे होते? माझ्याआधी सगळ्यांनी सांगितलं, देवमाणूस होते. मी सांगते, गुरुजी संशयी होते. हसू नका, खरं बोलतेय. असला संशयी माणूस या खाडीकाठी दुसरा झाला नाही. पोराला येत नाही म्हटलं की आपण पोरावर संशय घेतो. आळशी आहे, टाळकं रिकामं आहे, आईचं लक्ष नाही. गुरुजी आधी भिंतीवर संशय घ्यायचे. मग फळ्यावर. मग खिडकीवर. पोराची पाळी अगदी शेवटी.

माझी सुरेखा, ती बघा, मागं उभी आहे. या वर्गात तिला ‘दाराकडची’ म्हणायचे. दाराच्या बाजूला बसणारी पोरं ढ, हे गावानं ठरवूनच टाकलं होतं. फळ्यावर ‘कमळ’ लिहिलं की हिच्या पाटीवर ‘क’ आणि ‘ळ’. मधला ‘म’ गायब! आधीचे मास्तर मला म्हणायचे, “पोरगी दाराबाहेर बघत बसते. उगाच बाक अडवते. न्या तिला तुमच्याबरोबर मिठागरावर.” मी तिच्यासाठी टोपलीसुद्धा बघून ठेवली होती.

तेवढ्यात गुरुजी बदली होऊन आले. पहिल्याच आठवड्यात बघते तर हा एवढा उंच माणूस पोरांच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलेला. एका बाकावरून उठायचा, दुसऱ्यावर बसायचा. आम्ही बायका मिठागरावरून येत होतो. मी खिडकीतून ओरडले, “अवो गुरुजी, अडकाल! सुतार बोलवाय लागंल!”

ते हसले नाहीत. म्हणाले, “हिराबाई, आत या. इथं दाराकडं बसा. फळ्यावर काय दिसतंय?”

मी म्हटलं, “मला कुठं वाचाय येतंय?”

“वाचू नका. दिसतंय काय तेवढं सांगा.”

बसले. बघितलं. फळ्याच्या मधोमध पांढराफटक उजेड. नीट बघितलं तर त्यात खिडकी, आणि खिडकीपलीकडची आमची मिठाची रास. मी म्हटलं, “गुरुजी, फळ्यावर मिठागर दिसतंय!”

ते म्हणाले, “मग पोरीला ‘म’ कुठून दिसणार?”

मंडळी, त्या दिवशी मी घरी येऊन ती टोपली माळ्यावर टाकली.

आणि तो फळा तसा केला होता कुणी? आपणच. होडीला लावून उरलेला काळा रंग गावानं मोठ्या मायेनं फळ्याला फासला होता. दोन हात दिले होते, वर चकाकी यावी म्हणून पुसूनही घेतला होता. होडीला तो शोभतो, पाणी धरत नाही. फळ्याचा मात्र आपण आरसा करून ठेवला. खिडकीकडच्या पोरांना अक्षर दिसायचं, दाराकडच्यांना ऊन दिसायचं. आणि दाराकडच्यांना आपण ढ म्हणायचो.

गुरुजींनी पॉलिश पेपर घेऊन तो रंग घासून घासून मेलेला केला. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पडदा लावला. माझंच जुनं लुगडं आहे ते, अजून टिकलंय. फळ्याभोवतीची चित्रं काढून मागच्या भिंतीला नेली. माझा दीर तेव्हा चावडीवर म्हणालाच होता, “ह्यो मास्तर शिकवायचा सोडून भिंती हुंगत फिरतो. काय तरी काळंबेरं हाय.” बघा, संशय कुणाला चुकला नाही. गुरुजींचा भिंतीवर आणि गावाचा गुरुजींवर.

सुरेखाचा ‘म’ परत आला. आज ती न्हावा शेव्याला कंटेनरांचे नंबर तपासते. लांबून वाचते, बरोबर वाचते.

आता माझ्या संशयाकडं येते. तो मी गुरुजींकडूनच घेतलाय, त्यामुळं आज घरी ठेवून आले नाही.

आत्ता माझ्या पुतण्यानं, दामोदरशेठनं, इथं उभं राहून सांगितलं की गुरुजींच्या आठवणीसाठी हा वर्ग चकाचक करायचा. चारी भिंतींना चकाकता ऑइलपेंट. त्यावर वाघ, पोपट, रॉकेट. काचेचा पांढरा फळा. वर पट्टीचे दिवे. आणि फळ्याच्या डोक्यावर गुरुजींचा मोठा फोटो, त्याच्यावर वेगळा झोत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दामू, रागावू नकोस. तुझे ट्रेलर दिवसरात्र पळतात, तुझा हात सैल आहे, गावाला ठाऊक आहे. पण मला सांग, हा उजेड नक्की कुणासाठी? पोरांच्या अक्षरासाठी की उद्घाटनाच्या फोटोसाठी? बाहेरचा फ्लेक्स मी दोनदा बघितला. गुरुजी त्यात कोपऱ्यात आहेत, आणि तू मधोमध आहेस. इथं जो तो म्हणतोय, गुरुजींना रंगांची फार हौस होती. कुणी सांगितलं तुम्हाला? ज्या माणसानं चकाकी घासून काढण्यात हाताची सालं काढली, त्याच्या नावानं चकाकी परत लावायची? मोठ्या बाई, जूनमध्ये पहिलीची पोरं इथं बसतील. फळ्यामागून वाघ डोळे वटारतोय, पोपट खुणावतोय, त्यात बाई ‘कमळ’ लिहिणार. पोरांनी बघायचं कुणाकडं? आणि नाही आलं, तर ढ कुणाला म्हणायचं? परत दाराकडच्यांनाच ना?

सुमनवहिनी, तुम्ही मघापासून समोर हार घालून ठेवलेल्या गुरुजींच्या फोटोकडं बघून डोळे बारीक करताय. मला वाटलं, रडताय. मग माझंही लक्ष गेलं. आपल्या रीतीप्रमाणं बायका दाराकडं बसल्यात, पुरुष खिडकीकडं. वारा यावा म्हणून कुणीतरी पडदा वर बांधून टाकलाय. पुरुषमंडळींना फोटोत गुरुजी दिसत असतील. आम्हाला त्या काचेत काय दिसतंय सांगू? मिठागर. नवऱ्याच्या शोकसभेत बाईला नवऱ्याचं तोंड दिसत नाही, आणि आपण अर्धा दिवस त्यांचे गुण गातोय!

दामू, ऊठ. इकडं ये. लाजतोस काय, लहानपणी याच वर्गात बसलायस, खिडकीकडं. आज दाराकडं बस. सरका गं जरा, शेठ बसतायत. हां. आता फोटोकडं बघ. दिसतंय काय?

काय म्हणालास? मोठ्यानं बोल, सगळ्यांना ऐकू दे.

“न्हाय दिसत, काकी.”

ऐकलंत? आता तोच सांगतोय, मी नाही. बाबा, वर्ग कर, जरूर कर. पण रंगाचा डबा उघडायच्या आधी मोठ्या बाईंना घेऊन असाच एकेका बाकावर बसून बघ. गुडघे दुखतील, दुखू देत. जिथून अक्षर दिसत नाही तिथं आधी हात घाल. वाघाला मागच्या भिंतीवर पाठव, तिथं तो शोभेल. आणि गुरुजींचा फोटो फळ्यावर नको. पोरांनी अक्षर सोडून आपल्या तोंडाकडं बघावं हे त्यांना कधीच खपलं नसतं.

आता जा, त्या लुगड्याची गाठ सोड. सावकाश, जुनं आहे.

हां.

वहिनी, आलं का तोंड नजरेत?

मंडळी, आपण उभे राहू. गप्प राहू. पण डोळे मिटू नका. या माणसानं आपल्या लेकरांना बघायला शिकवलं, त्याला मिटल्या डोळ्यांनी निरोप कसा द्यायचा? उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत राहा. दाराकडच्यांनीसुद्धा.

गुरुजी, दिसताय आता.