हैदराबादचा अळणी पास्ता

अगं बायांनो, हैदराबादला आम्ही इटालियन हॉटेलात जेवलो, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. यांच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट चांगला यावा म्हणून मी महादेवाला नवस बोलून मीठ सोडलं होतं. लेकीनं माझ्यासाठी अळणी पास्ता मागवला.

वेटर म्हणाला, “अम्मा, फीका लगेगा.”

हे हसले. “तिचा महादेव चव बघत न्हाई, बाबा.”

मी दोन घास खाल्ले असतील, तोच यांनी मिठाची बाटली माझ्यापुढं सरकवली. “खा आता मीठ. रिपोर्ट सकाळीच आलाय.”

देव पावला म्हणून मी हात जोडले. लेकीकडं पाहिलं, तर ती खाली मान घालून रडत होती.

मी बाटली परत सरकवली. म्हटलं, “मग आता तुम्ही बरे होईस्तोवर.”