एवारिस्तोचा सरडा

—तशी नको, दोन्ही हातांनी धर बरणी, बूड ओलं आहे, निसटेल. हां. आता बस इथे खिडकीपाशी. हाच तो, होल्ब्रुकिया कांतुई, तुझ्या वडिलांच्या नावाचा सरडा. बघ, कानाचं भोक कुठेच नाही — वाळूत तोंड खुपसून आत शिरणाऱ्याला कान हवेत कशाला? या जातीबद्दल कुणाला शंका आली की शेवटी याच्याशीच ताडून बघायचं, म्हणून बरणीला लाल फीत. काढ की फोटो. शाळेच्या भिंतीवर चितारणार आहात ना? एवारिस्तो कांतू मास्तरांच्या नावाचा फलक लागतोय, बरं वाटलं ऐकून. आणि तू अजून मला वर्लिनकाका म्हणतेस, तेही बरं वाटलं. शनिवारी मी येऊन बोलायचं म्हणतेस — बघू. सरहद्दीच्या पुलावर हल्ली तपासणीत दोन-दोन तास मोडतात, शिवाय हा गुडघा.

दोरा? कसला दोरा? हां, पायाला बांधलेला. निळा आहे खरा, बाकीच्यांना पांढरा. अगं, तेव्हा हाताला लागेल तो दोरा बांधायचो आम्ही — काय? आईच्या शिवणाच्या डब्यातला? असेल. एवारिस्तोनेच धरला होता हा, मी कुठे नाही म्हणतोय? चिठ्ठीवर माझं नाव आहे, हो, वाचलंस ते बरोबर वाचलंस. चिठ्ठी मी नंतर बदलली. जुनी फाडली आणि नवी त्याच दोऱ्यात ओवली. कात्री हातात होती, पण दोरा कापवला नाही, का ते मला विचारू नकोस. बघ, तू नुसतं दोरा म्हणालीस आणि मी एवढं बोलून बसलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

बारा वर्षं फिरलो आम्ही, पोरी. शनिवार उजाडला की तुझा बाप पुलापलीकडे उभा, बगलेत मासे धरायची काठी, टोकाला दोऱ्याचा फास, आणि तुझ्या आईने बांधून दिलेले फरसबीचे — छे, घेवड्याचे बुरीतो. मी दहा सरडे धरेपर्यंत त्याचे पंचवीस. तोच पहिल्यांदा म्हणाला की पांढऱ्या मातीच्या पठारावरचा सरडा वेगळा आहे — कुशीवर दोनाऐवजी एकच काळा पट्टा, मांडीवरची छिद्रंही कमी. मी हसलो. म्हटलं, माती पांढरी म्हणून सरडा फिका, बाकी काही नाही. मी शिकलेला ना! चार वर्षं तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंग घेऊन मोजत बसला, दोनशे सरडे. आणि त्याचंच खरं होतं. सगळं लिहून काढलं त्याने, स्पॅनिशमध्ये, हाताने, एक्केचाळीस पानं, आणि माझ्याकडे दिलं. म्हणाला, तू इंग्रजी कर आणि पाठव.

सात महिने मी ते खणात ठेवलं. कॉलेजात त्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती, नावावर काहीतरी छापलेलं हवं होतं. आधी म्हटलं, दोघांची नावं घालू. मग म्हटलं, शाळामास्तराचं नाव बघून संपादक नाक मुरडेल — खोटं आहे हे, संपादकाला विचारलं होतं कुणी? नाक माझंच मुरडलं. शेवटी माझ्या एकट्याच्या नावाने पाठवलं. त्यातून या धंद्यात रीत अशी की आपण शोधलेल्या जातीला आपलं नाव द्यायचं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी द्यायचं. मी त्याचं दिलं. सगळे म्हणाले, काय मोठं मन आहे स्ट्राउडचं! आणि ज्याच्या नावाचा सरडा झाला तो तक्रार कुठल्या तोंडाने करणार? लोक त्यालाच कृतघ्न म्हणाले असते. हे मला ठाऊक होतं. नाव देताना ठाऊक होतं, पोरी. केसाने गळा कापला आणि वर हार घातला.

छापून आलं तेव्हा तुझ्या आईने लाल मिरचीतला मांसाचा असादो केला होता, तू सहा-सात वर्षांची असशील. त्याने एकेका ओळीवर बोट ठेवत सगळं वाचलं, अगदी शेवटच्या आभारांपर्यंत. मग मिटवलं आणि म्हणाला, "माझ्या कागदांचं काय झालं, डॉक्टर?" बारा वर्षं मला वर्लिन म्हणत होता तो. मी म्हटलं, टपालात हरवले. तो 'बरं' म्हणाला, आणि माझ्या ताटात आणखी असादो वाढला. त्यानंतर एकही शनिवार आला नाही. तो गेला तेव्हा मी नुसती फुलं पाठवली. गुडघा दुखतो म्हणून कळवलं होतं. गुडघा ठणठणीत होता.

तो खालचा खण ओढ. जरा अडकतो, जोर लाव. हं, तेच. एक्केचाळीस आहेत, मोजायची गरज नाही. घेऊन जा. उपयोग काही नाही म्हणा, जातीच्या नावापुढे पहिल्यांदा छापणाऱ्याचं नाव लागतं, तो नियम आहे, मी उद्या चौकात उभं राहून ओरडलो तरी बदलत नाही. तुमच्या फलकावरसुद्धा कांतुईपुढे स्ट्राउड लिहावं लागेल. नका लिहू. चूक म्हणतील, म्हणू देत.

शिव्या दे हवं तर. — निघालीस? शनिवारचं मग — बरं, राहू दे. काय म्हणालीस?

डॉक्टर.

हो. बरणी मी ठेवतो जागेवर. जाताना दार ओढून घे.