मामांचा कान आणि प्रिंटरची शाई

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या फोटोग्राफर संघटनेचे आधारस्तंभ मारुतीराव, व्यासपीठावर लेकीशेजारी अवघडून बसलेल्या बायडाबाई, उत्सवमूर्ती सुनयना, आणि ऐन लग्नसराईत स्टुडिओ बंद ठेवून आलेल्या निपाणीकर बंधुभगिनींनो,

सात वर्षं आमच्याकडे लग्नांच्या व्हिडिओचं एडिटिंग करणारी सुनयना सोमवारी पुण्याला नोकरीवर रुजू होते आहे. ‘मला कीफ्रेम शिकव, मग जा,’ ही अट माझी. कीफ्रेम म्हणजे काय? चित्र जिथून हलायचं तिथं एक खूण, जिथं थांबायचं तिथं दुसरी. मधली चाल कॉम्प्युटर चालतो. पाचवीतल्या पोराला जमेल. मला जमली का?

एका लग्नाच्या व्हिडिओत मामा नवरीला मांडवात आणत होते. मी नवरीच्या चेहऱ्यावर सावकाश झूम लावला. पण दुसऱ्या खुणेपर्यंत नवरी चालत पुढं गेली, हे ध्यानातच आलं नाही. पडदाभर आला तो मामांचा कान. मामा स्वतः स्टुडिओत हजर!

“सन्मतीअण्णा, कान लई झ्याक आलाय. आमची भाची कुठं गेलती?”

सुनयना म्हणाली, “अण्णा, नवरी चालंल तशा मधी खुणा टाका.” मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कान. तिसऱ्या दिवशीही कान.

“मुद्दाम चुकताय व्हय, अण्णा?”

“न्हाय गं. वय झालं.”

मंडळी, पहिला कान खरा. पुढचे दोन मुद्दाम. मी शिकलो की ही जाणार, एवढं गणित मला येत होतं. पण एका दुपारी ती जेवायला गेली आणि मला राहवेना. पाच खुणा टाकल्या. नवरी मांडवापर्यंत चौकटीच्या मधोमध! त्या आनंदात पुसायचं विसरलो.

तिनं येऊन पाहिलं. “जमलं की ओ! आता अनुभवाचं पत्र?”

“प्रिंटरची शाई संपलीय.”

त्या पत्राशिवाय पुण्यात तिला घेणार नाहीत, हे ठाऊक असूनही ती शाई पंधरा दिवस संपलेलीच राहिली. बायडाबाई, तुम्ही रोज फोनवर “शाई आली काय ओ?” एवढंच विचारलंत. एकदा तरी रागवायचं होतं.

सुनयना, हे घे पत्र. शाई पहिल्यापासून होती.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि समोर शूटिंग करणारे आमचे मित्र भरमूअण्णा, आत्ता माझ्या चेहऱ्यावर झूम करू नका. करायचाच असेल, तर कानावर करा.