गुरुवारचं पाणी

—नाय, नाय, तिथं नको टेकूस, तो पाइप तापलेला असतो. इथं पायरीवर बस. तर सुकेशनी, तुझ्या आईचं जे झालं त्याचं मलाही वाईट वाटतं, पण मशीन कशी चालते ते कळल्याशिवाय या कागदावर सही कशी करशील तू? म्हणून गच्चीवर बोलावलं. हा पंखेवाला डबा म्हणजे हीट पंप, हवेतली ऊब ओढून पाणी तापवतो. ही मोठी टाकी, बफर टँक, तापलेलं साठवून ठेवते — होस्टेलच्या साठ पोरींनी एकदम नळ सोडले तरी पुरतं. आणि भिंतीवरचा हा कंट्रोलर, हा माझा. पाणी पन्नास डिग्रीच्या खाली गेलं की पंप चालू, पंचावन्न झालं की बंद. बी.एस्सी. करून बटणं दाबते मी — हसू नकोस. तुझी आई हसायची.

गुरुवारी वेगळं असतं. जंतू मरावेत म्हणून टाकी सत्तरवर न्यायची, मग कंट्रोलर मॅन्युअलवर टाकून थंड पाणी सोडायचं, आकडा चाळीसच्या खाली आला की बुडाचा कॉक उघडून गाळ काढायचा. टँकरच्या पाण्याला गाळ लई. गारखेड्यात गल्लोगल्ली होस्टेलं उगवली, पाणी कुठं उगवतंय? तर ते गाळाचं पाणी पाइपनं मागच्या अंगणात उतरतं, आणि तुझी आई ते घरी न्यायची. मीच नेऊ दिलं हां! लासूर स्टेशनकडची मेंढरं विकून आलात, तुमच्या नळाला पाणी नवव्या दिवशी — म्हटलं, नेऊ दे, निवळलं की धुण्याभांड्याला होतं. ती घागर लावायची, पाइपवर लोट्यानं दोनदा ठोकायची, म्हणजे लावली, सोडा. मग मी कॉक उघडायची. त्या दिवशी तिनं ठोकलंच नाय. कागदात तेवढंच लिहिलंय — भागूबाई न ठोकता पाइपखाली बसली, खाली कुणी नाय समजून मी सोडलं. उद्या होस्टेलच्या कमिटीपुढं तू हेच सांगायचं. माझी नोकरी राहते, होस्टेल झाडायला तिच्या जागी तू लागतेस. कुणाचं काय बिघडलं?

अशी काय बघतेस? मी घाबरट आहे गं, पहिल्यापासून. कुकरच्या शिट्टीला दचकते. तुझ्या आईला ते कळलं, झालं! लोखंडी पाइप तो, खाली ठोकलं की इथं कानाशी घण पडतो — आणि ती दोनदा नाय, चारदा ठोकायची, मुद्दाम. शिवाय खालून ओरडायची, "अपेक्षाताई, उडालात का?" — आणि इथं केस वाळवत बसलेल्या पोरी खी खी खी. दर गुरुवारी! त्या दिवशी तर टँकरच आला नव्हता. थंड पाणीच नाय तर टाकी निवणार कशी? आकडा सत्तरवर चिकटलेला, मी चहाचा कप घेऊन त्याच्याकडं बघत उभी, आणि टण् टण् टण् टण्! चहा सगळा ओढणीवर. पोरी हसल्या. ती पण, खालून. म्हटलं हस, हस बाई, आता बघू कोण उड—

...काय? मी कुठं म्हणाले असं? सत्तर नाय, अडतीस. अडतीस होतं. ठोकलं ते त्याच्या आदल्या गुरुवारी, तुझा घोळ होतोय. पाय भाजलेत तिचे, जीव तर नाय ना गेला? आणि अनवाणी बस म्हणून कुणी सांगितलं होतं? ...पेन का खाली ठेवलंस? कर सही. अंगठा तर नाय ना मागत, शिकलेली आहेस, कर... ए, फाडू नकोस. फाडू — फाडलास?

बरं. जा मग. घागर अंगणात पडलीय, ती उचल. आणि घरी सांग, पुढच्या गुरुवारपासून ते पाणी मी गटारात सोडणार. थेंब न् थेंब. तुमच्या दारावरूनच वाहत जाईल, बघत बसा. नीघ. जिन्याचं दार लावून घे.

...सुकेशनी? पोचलीस खाली? घागर घेतलीस ना, मग थांबलीस कशाला? तो लोटा ठेव. पाइपला हात लावायचा नाय. मी काय सांगतेय — ए, ठोकू नकोस! ठोकू नकोस म्हणते ना, मला—