टोरांटो ते जळकोट

“हॅलो?… हां, बोल शिवा. ऐकू येऊन राहिलंय.”

टोरांटोच्या विमानतळावरून धाकटा भाऊ शिवशंकर होता. वडील, आप्पा, पहाटे गेले, तेव्हापासून त्याचे फोनवर फोन चालू होते. सोप्यात भजन चाललेलं, म्हणून वर्षाराणी न्हाणीकडं सरकली.

“मिळालं तिकीट?… बरं… दिल्लीपर्यंत किती?… चौदा तास. हं… अरे, साडेअकरा हजार किलोमीटर मला काय सांगतोस, मी काय इमान चालवून राहिले का?… मग दिल्लीला ताटकळायचं, पुढं हैदराबाद. तिथून गाडी. उदगीर, जळकोट… हाव, रस्ता झालाय चांगला, तरी सहा तास धरच की… न्हाई रे बाबा, उद्या दुपारी कसा पोचतोस? उद्याची रात्र होतीय.”

“शीतपेटी?… हाव, अहमदपूरला मिळती… ऐक ना… शिवा, ऐक. पेटीत माणूस आडवा ठेवतात. रातभर तसं ठेवलं की अंग ताठतंय. मग बसवायचं कसं? आपल्यात बसवूनच माती देतात, तुला काय नवीन सांगू?”

तो रडत होता का भांडत होता, तिलाच नीट कळेना. दोन वर्षं आप्पांचं भरवणं-पुसणं तिनंच केलेलं. आता अंगात त्राण म्हणून नव्हतं, आणि सकाळपासून सगळी भावकी तिच्याच तोंडाकडं बघत होती, लेकाची वाट बघायची का न्हाई म्हणून.

“काकानं न्हाई ठरवलं… मठातल्या अय्यानंबी न्हाई. मी ठरवलंय… हाव, मी. पहाटेच बसवलं त्यांना. इभूत लावली. काका पेटी आणायला निघाला होता, मीच नको म्हणलं… सकाळीच सांगायला पाहिजे होतं तुला, खरंय. तू तिकीट शोधून राहिला होतास, जीभच उचलली न्हाई माझी… बोल, काय बोलायचं ते बोल… शिवा, दोन वर्षं आडवेच होते रे आप्पा. आता तरी बसू दे त्यांना.”

वर्षाराणी भिंतीला टेकून खाली बसली.

“दिवस मावळायच्या आत… हाव, दाखवते व्हिडिओवर… काय? रद्द करतोस तिकीट?… मग कशाला येऊ, म्हणजे?… अरे, आप्पासाठी नको येऊ. मी हाय ना रे. परवा माणसं उठून आपापल्या घरी जातील. मग मी कुणाचं करू ह्या घरात?… लई दमले मी… न्हाई, रडून न्हाई राहिले… हाव, राहिलेय रडून… लागू दे किती तास लागायचे ते. माझ्यासाठी ये… शिवा, तुझंच नाव पुकारून राहिलेत ना तिथं? मला इथं ऐकू येतंय… जा. चढ.”

आणि फोन तिनंच ठेवला.